पायरीवरून नावं वाचणाऱ्या मॅडम

लग्नपत्रिका हातात आली की माणसं आधी तारीख बघतात, मग जेवण कुठे आहे ते बघतात. आमच्या मॅडम शुद्धलेखन बघायच्या. खणातून लाल पेन काढून वधूपित्याच्या देखत पत्रिका तपासायला बसायच्या. "मुलीचं नाव 'सुनिता' छापलंय. ती स्वतः कसं लिहिते? 'नी' दीर्घ ना? मग तिच्याच लग्नात तिचं नाव चुकवायचं का?" वधूपिता हात जोडून सांगायचा की पत्रिका छापून झाल्या, निम्म्या वाटूनही झाल्या. "मग निदान मांडवाच्या दारावर नीट लिहा," असं म्हणून त्या पत्रिका ठेवून घ्यायच्या. आणि लग्नाला खरोखर जायच्या. दारावरचं नाव वाचायच्या, ते बरोबर असेल तरच आहेर काढायच्या.

सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं तहसील. तिथे त्या निवडणूक शाखेच्या नायब तहसीलदार होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली अव्वल कारकून. घर जळगावला पिंप्राळ्यात, पण आठवडाभर तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहायच्या. उंचीने एवढ्या लहान की टेबलामागे बसल्या की नव्या माणसाला खुर्ची रिकामी वाटायची. आवाज मात्र उंच होता. घंटी वाजवून शिपायाला बोलावणं त्यांना आवडत नसे. पूर्ण नावाने हाक मारायच्या, वडिलांसकट, आडनावासकट. मलाही तसंच. शाळा सुटल्यापासून माझ्या वडिलांचं नाव कुणी इतक्या वेळा घेतलं नव्हतं. ते वारल्यावर तर घरातही ते नाव कमीच निघायचं. कचेरीत रोज निघत होतं.

जीपने गावोगाव फिरताना त्या दुकानांच्या पाट्या वाचत बसायच्या. एकदा चोपडा रस्त्यावर कुणा तरुण नेत्याच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स दिसला. मॅडमनी जीप थांबवली. फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचा नंबर होता, तो फिरवला. "तुमचा फ्लेक्स बघतेय. ज्याचा वाढदिवस आहे त्याच्या वडिलांच्या नावात काना राहिलाय." पलीकडून काहीतरी उर्मट उत्तर आलं असावं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पोराच्या लक्षात नाही आलं, माहीत आहे. पण त्याचे वडील ह्याच रस्त्याने जात असतील ना?" दोन दिवसांनी आम्ही परत तिथून गेलो तर काना चिकटवलेला होता. जरा वाकडा होता. मॅडम खूश होत्या.

हे सगळं गमतीचं. कचेरीत आम्ही हसायचोही. पण हाच स्वभाव निवडणुकीच्या कामात आला की भल्याभल्यांची पंचाईत व्हायची.

लोकांना मतदानाचा दिवस माहीत असतो, मतमोजणीचा गुलाल माहीत असतो. त्याआधी मतपत्रिका कशी ठरते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. अर्ज येतात, छाननी होते, माघारीची मुदत असते. ती संपली की जे उरले त्यांना चिन्हं वाटायची. मग आडनावांच्या बाराखडीने त्यांची अंतिम यादी करायची आणि कचेरीच्या फलकावर लावायची. त्या यादीवरून मतपत्रिका छापून येते आणि मतदान यंत्रावर बसते. यादी लागली की आम्ही कारकून मंडळी हात झटकून चहाला जायचो. मॅडम आल्या आणि तो चहा लांबला.

त्यांनी पहिल्याच निवडणुकीत फलक खाली आणायला लावला. आमचा फलक भिंतीवर उंच ठोकलेला, वर काच, काचेला कुलूप. मॅडम त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, टाचा उंचावल्या आणि म्हणाल्या, "मला दिसत नाही."

मी म्हटलं, "मॅडम, वर्षानुवर्षं तिथेच आहे."

"म्हणजे वर्षानुवर्षं माझ्या उंचीच्या बायकांना दिसला नाही. खाली घ्या."

फलक खाली आला. तेवढ्यावर भागलं नाही. यादी लावली की त्या कचेरीच्या पायरीवर उभ्या राहायच्या आणि प्रत्येक गावाच्या प्रत्येक उमेदवाराचं नाव मोठ्याने वाचायच्या, नाव, चिन्ह, सगळं. आवारात स्टॅम्पवाले असायचे, दाखल्यांसाठी आलेली माणसं असायची, झाडाखाली गाडी लावून बसलेले पुढारी असायचे. आधी सगळे बघतच राहिले. मी दबक्या आवाजात म्हणालो की नियमात फक्त लावायचं म्हटलंय, वाचायचं नाही.

"भिंतीवर चिकटवलं म्हणजे जाहीर झालं का? भिंत वाचून दाखवते का कुणाला?"

"पण मॅडम, लोक वाचतात की."

"ज्यांना वाचता येतं ते. बाकीच्यांनी कानाने ऐकावं."

हळूहळू लोकांना सवय झाली. माघारीच्या दिवशी दुपारनंतर आवारात गर्दी व्हायला लागली. बायका पोरं घेऊन यायच्या. आपल्या घरातल्या माणसाचं नाव सरकारी तोंडून ऐकायला मिळतं ह्याचं अप्रूप वाटायचं त्यांना. नाव वाचलं की एखादी म्हातारी पदराने डोळे टिपायची. मॅडम तिकडे बघून क्षणभर थांबायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. भुसावळला त्यांची आई रेल्वे कॉलनीत घरकाम करायची. सगळ्या बंगल्यांत ती नुसती 'बाई'. घरी 'अमक्याची आई'. "मतदानाला मात्र ती नवं लुगडं नेसून जायची," मॅडम म्हणाल्या. "मतदान केंद्रावर पहिला अधिकारी मतदाराचं पूर्ण नाव मोठ्याने पुकारतो, माहीत आहे ना? घरी आल्यावर आई आम्हाला सांगायची, आज साहेबानं माझं सगळं नाव घेतलं. मत कुणाला दिलं ते कधी बोलली नाही. नाव घेतलं हे सांगायची." एवढं बोलून त्या फाईल पुढे ओढून कामाला लागल्या. पण त्या दिवसापासून पायरीवरच्या वाचनाला कचेरीत कुणी हसलं नाही.

आता त्या दोन मंगलाबाईंचं सांगतो.

आमच्याकडे पाटील हे आडनाव गल्लोगल्ली, सुभाष प्रत्येक आळीत, आणि त्या वयाच्या बायकांत मंगला दर चौथी. तापीकाठच्या एका गावात सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं होतं. निवडून येणार म्हणून सगळा गाव जिचं नाव घेत होता, ती मंगलाबाई सुभाष पाटील. तिची पिठाची गिरणी. गावातलं प्रत्येक घर तिच्या दारात डबा घेऊन येणारं. नवरा गेल्यावर तिने गिरणी स्वतः चालवली, कुणाला उधारीवरून कधी बोलली नाही, त्यामुळे तिची पत मोठी. तिच्या विरोधात गावचे जुने पुढारी, ज्यांना सगळे नाना म्हणायचे, त्यांनी आपल्या सुनेचा अर्ज भरला होता. आणि त्याच दिवशी नानांनी आणखी एक अर्ज आणला. त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोचा. तिचं नाव मंगलाबाई सुभाष पाटील.

डाव उघड होता. यंत्रावर एकाखाली एक दोन मंगलाबाई सुभाष पाटील. गिरणीवालीला मत द्यायला आलेली निम्मी माणसं गोंधळणार आणि नानांची सून निवडून येणार. असे डाव आमच्याकडे नवे नाहीत. आणि कागद चोख असतील तर अर्ज बाद करता येत नाही. कुणाचं नाव काय असावं ह्यावर कायदा चालत नाही.

माघारीच्या दिवशी मॅडमची एक पद्धत होती. भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलावर उमेदवारांकडे तोंड करून ठेवायच्या, म्हणजे वेळेवरून भांडण नको. तीन वाजता मुदत संपली तेव्हा दोन्ही मंगलाबाई रिंगणात होत्या. गिरणीच्या मंगलाबाईला कपबशी मिळाली, दुसरीला छत्री. मॅडमनी दोघींना समोर बोलावलं.

"एकसारखी नावं आली तर मतदाराला फरक कळावा म्हणून नावापुढे धंदा किंवा राहण्याची जागा लिहिता येते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला गावात काय म्हणतात?"

पहिली म्हणाली, "माले गिरणीवाली म्हंतस."

दुसरी काही बोलायच्या आत मागून नाना म्हणाले, "हिलाही गिरणीवालीच लिहा मॅडम. आमच्याकडे मिरची कांडायचं यंत्र आहे."

खोलीत दोघे-तिघे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "उमेदवार बोलेल," म्हणाल्या.

"मी तिचा सूचक आहे. थोरला दीर आहे. तिच्या वतीने मीच सांगतो."

"सूचक आहात, बसा. नाव तिचं आहे, ती सांगेल."

ती दुसरी मंगला डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभी. थोरल्या दिरासमोर बोलायची रीत नाही. अर्जावरची सही सोडली तर ह्या सगळ्या प्रकरणात तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं, हात टेबलावर ठेवले आणि तिच्याकडे बघत बसल्या. दटावलं नाही, समजावलंही नाही. नुसत्या थांबल्या. नाना दोनदा खाकरले. मला वाटलं, आता ही रडेल किंवा निघून जाईल.

मग ती बोलली, खाली बघत, पण स्पष्ट.

"मनं घर पाटचारीजोडे शे. बठ्ठा माले पाटचारीवाली म्हंतस. गिरणी तिनी शे, मनी नही."

पाटचारी म्हणजे शेतांना पाणी नेणारा कालव्याचा लहान फाटा, तिचं घर त्याच्या काठी होतं. नाना उठले. "मंगला, काय बोलतेस ते कळतंय का?"

तिने वर पाहिलं नाही. मॅडमनी पेन उचललं आणि लिहिता लिहिता मला म्हणाल्या, "पाटील मंगलाबाई सुभाष, गिरणीवाल्या. पाटील मंगलाबाई सुभाष, पाटचारीवाल्या. दोघींच्या सह्या घ्या." नाना दार आपटून बाहेर गेले. थोड्या वेळाने मॅडम पायरीवर उभ्या राहिल्या आणि त्या दिवशीची यादी वाचली. ती नावं आली तेव्हा आवारात हशा पिकला. पण हसताना लोकांना फरक कळला होता. दुसरी मंगला फलकाजवळ उभी होती. पाटचारीवाल्या हा शब्द वाचला गेला तेव्हा तिने यादीवर त्याच ओळीवर बोट ठेवलेलं मी पाहिलं.

प्रकरण इथे संपलं असतं. पण छापखान्यातून मतपत्रिकेचा कच्चा नमुना आला, त्यात दोन्ही ओळी पुन्हा सारख्या. गिरणीवाल्या नाही, पाटचारीवाल्या नाही. मॅडमनी तो मोठ्याने वाचला तेव्हाच ते सापडलं. नुसत्या नजरेने माझ्याकडून ते सुटलं असतं, कारण डोळा ओळखीचा शब्द न वाचताच पुढे जातो.

मॅडमनी जळगावला वरिष्ठांना फोन लावला. मी समोरच होतो. पलीकडचा आवाज दमलेला होता. शंभर गावांच्या मतपत्रिका एका वेळी निघत होत्या, मतदान तोंडावर आलं होतं.

"मॅडम, चिन्हं वेगळी आहेत ना? लोक चिन्ह बघूनच बटण दाबतात."

"सर, चिन्ह आपण दिलंय. नाव त्यांनी आणलंय."

"आता पुन्हा छपाई म्हणजे..."

"यादी मी पायरीवर उभी राहून वाचली आहे सर. लोकांनी ऐकली आहे. जाहीर केलंय एक आणि यंत्रावर लावलं दुसरं, असं मला करता येणार नाही. ही मतपत्रिका मी स्वीकारत नाही, तसं लेखी देते."

पलीकडून आवाज आला, "लेखी नको. जाऊन दुरुस्त करून घ्या."

आम्ही दोघं जीपने जळगावला गेलो. छापखान्यात संगणकावर बसलेला तरुण कामाने पिचलेला. म्हणाला, "मॅडम, ते शब्द मीच काढले. ओळ खाली उतरत होती, चौकटीत बसत नव्हती." कुणाचा कट नव्हता, कुणाचा दबाव नव्हता. चौकटीत बसत नव्हतं, एवढंच. मला वाटलं मॅडम त्याला झापतील. त्यांनी एक स्टूल ओढलं, त्याच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुझं पूर्ण नाव काय, बाळा?" त्याने सांगितलं. चांगलं लांबलचक होतं. "ते चौकटीत बसलं नाही तर काय कापशील? वडील की आडनाव?" तो ओशाळून हसला. ओळ खाली उतरवली, अक्षरं जरा बारीक केली, सगळं बसलं. मॅडम पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचत गेल्या आणि मी यादी धरून 'हो' म्हणत गेलो. बाहेर पडलो तेव्हा त्यांनी मला शेवभाजी खाऊ घातली. हॉटेलच्या मेनूकार्डावर लाल पेन चालवलं ते वेगळं.

दुरुस्त झालेली मतपत्रिका आली, तिचा नमुना फलकावर लागला, पायरीवर वाचलाही गेला. त्यानंतर मतदान केंद्र बघायला मी त्या गावात गेलो. ऊन कडक, आभाळ कोरडं, आणि पाटचारीच्या कडेने एक बाई उघडी छत्री घेऊन घरोघर चालली होती. पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. बरोबर दोघी-तिघी शेजारणी. मला ओळखून थांबली.

"प्रचार चालू दिसतो," मी म्हणालो.

"नाव येगळं छापाई गयं ना साहेब," ती म्हणाली. "मंग फिरनं पडी."

"घरचे काय म्हणतात?"

"बोलतस नहीत." मग हाताने रस्त्यावरचा दिवा नसलेला खांब दाखवला. "आठे खांब शे, दिवा नही शे. पोरी शाळामाईन येतस तवय अंधार पडस. मी तेच सांगस सगळास्ले. गिरणीवाली चांगली शे, पन तिनं घर चावडीजोडे शे, तठे दिवा शे."

मी परत येऊन मॅडमना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "प्रचाराशी आपला संबंध नाही," म्हणाल्या. आणि मग चष्मा पुसायला लागल्या. बराच वेळ पुसत होत्या.

मतमोजणी तहसीलच्या गोदामात झाली. गिरणीवाल्या मंगलाबाई सरपंच झाल्या. नानांची सून मागे राहिली, आणि का मागे राहिली ते आकडे वाचताना सगळ्यांना कळलं. पाटचारीची आळी हा नानांचा हक्काचा भाग. तिथली मतं छत्रीवर गेली होती. जिला दुसऱ्याची मतं खायला उभी केली, तिने स्वतःच्या नावावर स्वतःच्या आळीची मतं घेतली होती. नाना गाडीत बसून निघून गेले. तिला घेतलं नाही.

गोदाम रिकामं होत आलं तरी दुसरी मंगला थांबली होती. मग मॅडमच्या टेबलापाशी आली.

"बाई, एक ईचारू? ज्यास्नी माले मत दिन्हं, त्यास्नी गिरणीवाली समजीसन दिन्हं का?"

मॅडमनी तिला समोरची खुर्ची दाखवली. ती बसली नाही, तेव्हा मॅडम स्वतः उभ्या राहिल्या.

"तुमचं नाव वेगळं छापलं होतं," त्या म्हणाल्या. "चार लोकांत वाचलं होतं. दारोदार तुम्ही सांगितलं होतं. ज्यांनी छत्रीचं बटण दाबलं, त्यांनी तुम्हालाच मत दिलं."

तिने पदर सारखा केला.

"मंग ती मतं मनी शेत," म्हणाली.

मी आज धुळ्याला आहे. निवडणुकीची कामं अजूनही वाट्याला येतात, मोठमोठे साहेब भेटतात. कुणी विचारलं की काम कुठे शिकलात, तर मी त्या शाखेचं आणि त्या मॅडमचं नाव सांगतो, पूर्ण नाव, त्यांच्या आईच्या नावासकट. सांगताना मान आपोआप ताठ होते.

मतमोजणीच्या त्या दिवशी ती दुसरी मंगला फाटकाबाहेर गेली तेव्हा गावाकडची शेवटची एस.टी. सुटून गेली होती. फाटकाशी विजयाचा ट्रॅक्टर उभा, ट्रॉलीत गुलालाने माखलेली माणसं, वर मध्ये नव्या सरपंचबाई. ढोल वाजत होता. ही बाजूने मान खाली घालून निघाली. ट्रॉलीतून हाक आली.

"ओ मंगला, कोठे चालनी?"

"चालत जास."

"चालत कसाले? एकच गावले जानं शे. बस वर."

कुणीतरी ढोल थांबवला. ही उभी राहिली. ट्रॉलीतल्या एका म्हाताऱ्याने सरकून जागा केली आणि गिरणीवाल्या मंगलाबाईंनी खाली वाकून हात पुढे केला. हिने छत्री काखेत मारली, हात धरला आणि वर चढली. बसताना तिच्या लुगड्याला गुलाल लागला, तो तिने झटकला नाही.

"पाटचारीवर दिवा लावशी ना?" ट्रॅक्टर चालू व्हायच्या आत तिने विचारलं.

"तू रोज गिरणीवर ईसन ईचार," सरपंचबाई म्हणाल्या.

मॅडम पायरीवर आल्या होत्या. ट्रॉली वळणाआड होईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी मी.